आधीचा रंगनाथ

१

वही गेली होती. निळ्या पुठ्ठ्याची, तळहाताएवढी, कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसली. अशा वहीची फिर्याद घेऊन चौकीत गेलं तर हवालदार चहाचा कप खाली ठेवण्याचीही तसदी घेणार नाही, हे शुभांगी शिरसाठला ठाऊक होतं. म्हणून २००२ च्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ती नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या टायरच्या दुकानावरचा जिना चढून दीपमाला कुलथेंच्या खोलीत आली. सोबत तिने नवऱ्याला आणलं होतं.

दीपमाला मानसशास्त्रज्ञ. आसपासचे लोक त्यांना ‘डोक्याच्या बाई’ म्हणत आणि त्यांनाही ते आता खटकत नसे. डोक्याला मार बसलेली, झटका येऊन गेलेली माणसं इस्पितळातून त्यांच्याकडे धाडली जात. काय गेलं, काय उरलं, ते त्या तपासून लिहून देत. उरलेलं मोजणं सोपं असतं, माणूस समोर बसलेला असतो. गेलेलं मोजायचं तर आधी किती होतं ते कळायला हवं, आणि तो आधीचा माणूस काही खुर्चीत येऊन बसत नाही.

शुभांगीने पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. रंगनाथ शिरसाठ, वय चव्वेचाळीस, मॅट्रिक नापास, कागदगिरणीत लगद्याच्या हौदावर एकोणीस वर्षं नोकरी. दिवाळी झाल्यावर आठ दिवसांनी, सकाळी दहा वाजता, हौदाच्या लोखंडी जिन्यावरून खाली पडला. पुढे गिरणीच्या मॅनेजरने लिहिलं होतं: ‘सदर कामगार मूळचाच मंदबुद्धी व विसराळू असल्याने त्याच्या आजच्या अवस्थेचा संबंध अपघाताशी जोडता येत नाही.’

“नोकरीचं, पेन्शनचं माझं मी बघेन,” शुभांगी म्हणाली. “मला हे वाक्य खोडून हवंय. वीस वर्षं मी कोणाबरोबर संसार केला, ते मला माहीत आहे. पण आता लोक मला म्हणतात, तो असाच होता, तुलाच कौतुक होतं.”

मग तिने सांगितलं, रंगनाथ ओला लगदा नुसता मुठीत दाबून कागद कितपत जाड निघेल ते सांगायचा. अख्ख्या चाळीचे रेडिओ दुरुस्त करायचा. शेवटच्या वर्षात त्याच्याकडे ती निळी वही असायची. ‘माझं सगळं डोकं यात आहे,’ असं तो हसत म्हणायचा. तिने ती कधी उघडली नाही. इस्पितळातून कपड्यांची पिशवी परत आली तेव्हा वही त्यात नव्हती. कोणीतरी ती मुद्दाम लांबवली, असं तिला वाटत होतं. त्या वहीतल्या युक्त्यांवर कोणीतरी स्वतःचं नाव लावणार असेल, अशीही तिला शंका होती.

दीपमालांनी मान डोलावली, पण मनातून त्या सावध होत्या. पडलेल्या माणसाची बायको ‘आधी फार हुशार होते’ असंच सांगते, त्यात खोटेपणा नसतो, फक्त माया असते. इंग्रजीत यावर एक नामी तोडगा आहे. लिहायचे एक आणि वाचायचे भलतेच असले शब्द माणसाला वाचायला देतात. वाचनाची सवय डोक्यात खोल मुरलेली असते, ती सहसा उशिरा जाते, आणि त्यावरून आधीच्या कुवतीचा अंदाज बांधता येतो. आपल्या मराठीत अक्षरं आली की काहीही वाचता येतं, त्यामुळे तो तोडगा इथे पांगळा. इथे माणसाने मागे काय करून ठेवलंय ते शोधत हिंडावं लागतं.

त्या रंगनाथकडे वळल्या. उंच, अंगाने भरलेला, दाढी नीट केलेली. हे कुठलं साल, असं त्यांनी विचारलं. तो गोड हसला आणि म्हणाला, “बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा.” आज वार कोणता, तर म्हणाला, “आमच्या शिफ्टवाल्यांना कसला वार.” सकाळी काय खाल्लं, तर बायकोकडे बोट दाखवून, “ती देईल ते.” एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही आणि एकदाही तो गांगरला नाही. तीन महिन्यांपूर्वी डोकं आपटलेला माणूस इतका सराईत नसतो. हे दीपमालांनी आपल्या टिपणात लिहून ठेवलं, पण त्याचा अर्थ तेव्हा त्यांना लागला नाही.

निघताना रंगनाथचा उजवा हात शर्टाच्या आत गेला. छातीपाशी काहीतरी चाचपलं, रिकामा बाहेर आला, आणि पुन्हा आत गेला.

“काय शोधताय?” दीपमालांनी विचारलं.

पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. “मी,” तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याला सापडलं नाही.

२

सिन्नर रस्त्यावरच्या त्या कागदगिरणीचं नाव सांगण्याचं कारण नाही, वास मात्र सांगायला हवा. भिजून आंबलेल्या रद्दीचा तो वास फाटकाच्या अलीकडे अर्धा मैल भेटायला येतो आणि घरी गेल्यावरही केसांत राहतो. शिरसाठांचं घर गिरणीच्याच चाळीत होतं, म्हणजे शुभांगी वीस वर्षं त्या वासात राहिली होती.

मॅनेजर भारत आहेर पस्तिशीचे, इस्त्रीचे, बोलायला तोलूनमापून. आपण कोणावर आकस धरून लिहिलेलं नाही, असं ते म्हणाले. शिरसाठला एक गोष्ट तीनदा सांगावी लागायची. तो वाल्व्हना रंगीत चिंध्या बांधायचा. जिन्याच्या पायऱ्या मोठ्याने मोजत चढायचा, पोरं मोजतात तशा. अशा माणसाला हुशार म्हणायचं तर मग बाकीच्यांना काय म्हणायचं, असा त्यांचा सवाल होता. त्यांना इथे येऊन होळीला वर्ष होणार होतं. वहीशी आपलं काही देणंघेणं नाही, असंही त्यांनी सांगितलं.

ते हे सांगत असताना दीपमालांची नजर त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर खिळली होती. तिथे निळ्या पुठ्ठ्याची, तळहाताएवढी एक वही पडली होती.

त्यांनी ती सरळ उचलून उघडली. आत बारापर्यंतचे पाढे होते आणि पहिल्या पानावर आहेरांच्या मुलीचं नाव. आहेर बुचकळ्यात पडून पाहत राहिले, आणि बाईंनी वही जागच्या जागी ठेवली. एवढं ओशाळं त्यांना बऱ्याच दिवसांत व्हावं लागलं नव्हतं.

हौदावर रियाज अत्तार भेटला. रंगनाथबरोबर बारा वर्षं एकाच हौदावर, आणि तो पडला तेव्हा सर्वांत आधी धावत गेलेला. चाळिशीचा, काटक, डोळे लालसर. रंगाभाईसारखा माणूस या मिलमध्ये झाला नाही, एवढं म्हणून त्याने तोंड फिरवलं. निळी वही त्याने पाहिली होती, पण बाहेरूनच. आत काय होतं ते आपल्याला काय माहीत, असं तो म्हणाला.

अकरा वाल्व्ह होते आणि अकराही वाल्व्हना अजून चिंध्या होत्या. लाल, हिरव्या, आणि तीन ठिकाणी बारीक फुलांच्या पिवळ्या. या केव्हापासून आहेत, असं दीपमालांनी विचारलं.

“पहिल्यापासून, मॅडम. त्याची पद्धतच होती ती,” रियाज म्हणाला. उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

३

शुक्रवारी दीपमाला चाळीत गेल्या. घर दोन खोल्यांचं. रंगनाथ खाटेवर बसून खिडकीबाहेर पाहत होता. कोपऱ्यात तिवईवर माठ होता आणि माठाच्या झाकणावर पळसाच्या पानात सुटी निशिगंधाची फुलं, कालची, कडांना जरा पिवळी पडलेली. त्या घरात गिरणीचा वास दारापर्यंतच येत होता.

शुभांगी जमिनीवर बसून गोधडी शिवत होती. तिच्या हाताखाली बारीक फुलांचा पिवळा तुकडा होता.

“हे कापड कधीचं?” दीपमालांनी विचारलं.

ती तिच्या लग्नातल्या दुसऱ्या नंबरची साडी होती. ती विरली म्हणून गेल्या चैत्रात गोधडीसाठी फाडली. पण तुकडे मोजून ठेवले तरी कमी भरत गेले, तिने उंदरांवर आळ घेतला आणि पिंजराही लावला. दीपमालांना हौदावरचे वाल्व्ह आठवले. चैत्रात फाडलेल्या साडीच्या चिंध्या वाल्व्हवर ‘पहिल्यापासून’ असू शकत नव्हत्या. म्हणजे रियाजने सरळसरळ थाप मारली होती.

शर्टाच्या आतल्या खिशाचंही कळलं. गेल्या वर्षीच्या संक्रांतीला रंगनाथने सगळ्या शर्टांना आतून, छातीपाशी, खिसा शिवून मागितला होता. वही घामाने भिजू नये म्हणून शिवून घेतोय, असं त्याने सांगितलं होतं.

“शेवटचं वर्ष कसं गेलं?” दीपमालांनी विचारलं.

शुभांगीची सुई थांबली. ती म्हणाली, त्या वर्षासारखं वर्ष तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. रंगनाथ तसा घुमा. मूलबाळ नाही, त्याचं शिफ्टचं काम, मधली कितीतरी वर्षं दोघांत मीठ-मिरचीपुरतंच बोलणं होई. पण गेल्या वर्षी तो संध्याकाळी तिच्यापाशी येऊन बसायला लागला. सांग ना, लग्नात पंगतीला काय होतं, तुझी आई तेव्हा मला काय म्हणाली, आपण पहिल्यांदा कुठे गेलो. ती सांगायची आणि तो लहान मुलासारखा ऐकायचा. आणि दर गुरुवारी, शिफ्ट कोणतीही असो, सुटा निशिगंध आणायचा. हातात द्यायचा नाही. गुपचूप माठाच्या झाकणावर ठेवायचा, गार राहावा म्हणून.

“मी कोणाला बोलले नाही कधी,” ती म्हणाली. “चाळीत चेष्टा झाली असती, या वयात काय म्हणून. तसा तो मला परत मिळाला होता, बाई. आणि मग पडला.”

एवढं बोलून तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. आता ती फुलं रियाजभाऊ आणतात, कोणीतरी आणलं की बरं वाटतं, असं ती म्हणाली.

दीपमाला चहा पिऊन उठल्या. या घरातून निघताना हाताशी आलेला सर्वांत मोठा पुरावा आपण माठावरच ठेवून आलो, हे त्यांना उमगायला पुढे दोन दिवस लागले.

४

कपड्यांची पिशवी इस्पितळातून रंगनाथच्या थोरल्या भावाने आणली होती, म्हणून रविवारी दीपमाला नांदगावला गेल्या. पुंजाराम शिरसाठ बाजारात कांद्याच्या गोण्या शिवत बसला होता. पिशवी आपण उघडलीसुद्धा नाय, असं त्याने गळ्याची शपथ घेऊन सांगितलं, आणि दीपमालांना ते पटलं. ज्याला लपवायचं असतं तो इतका वेळ डोळ्याला डोळा देत नाही.

“लहानपणी कसा होता?”

“लय हुशार,” पुंजाराम म्हणाला. “आमचं इंजिन बंद पडलं का मिस्तरी यायच्या आधी ह्यो चालू करायचा. मॅट्रिकला बसला त्या साली बाप गेला, मंग काय शिकतो? पण गेल्या शिमग्याच्या आधी येकटाच आलता बघा. म्हने, दादा, मला सगळं गाव दाखव. मी म्हनलं, तुला काय गाव ठावं नाय? तर म्हने, तू दाखव तर. घरोघर हिंडला. कोन मेलं, कोनाचं कोन, समदं लिहून घेतलं. जाताना इचारतो, दादा, आईच्या कोन्त्या गालावर तीळ व्हता?”

पुंजाराम सुतळी दातांनी तोडायला थांबला. “मला वाटलं, त्याला आईची सय आली असंल.”

परतीच्या एस्टीत खिडकीशी बसून दीपमाला बराच वेळ नुसत्या बाहेर पाहत होत्या. त्यांचे वडील मास्तर होते. शेवटची सहा वर्षं ते स्वतःच्या मुलीला ‘कोणाच्या तुम्ही?’ असं विचारत. ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली, पण दीपमालांना आठवायचं म्हटलं की तेच म्हातारे आठवत. वर्गात घुमणारा त्यांचा आवाज, गणित सुटल्यावर मारलेली थाप, हे सगळं घडलं होतं एवढं माहीत होतं, पण दिसत नव्हतं. नंतरचा माणूस आधीच्या माणसावर येऊन बसतो आणि उठत नाही. शुभांगीच्या मागणीला त्या पहिल्या दिवशी मनातल्या मनात माया म्हणाल्या होत्या. खरं तर तीच मागणी त्यांनाही कोणाकडे तरी करायची होती, आणि करायला कोणी नव्हतं.

सिन्नर फाट्याच्या दिव्यांपर्यंत त्यांच्या डोक्यात मांडणी झाली. बायको म्हणते हुशार. भाऊ म्हणतो हुशार. मॅनेजर म्हणतो मंद. तिघंही आपापल्या परीने खरं बोलतायत असं धरलं, तर मॅनेजर आला कधी? गेल्या होळीला. खिसा शिवला संक्रांतीला. रंगनाथ गाव बघायला गेला शिमग्याआधी. चिंध्या चैत्रात. पायऱ्या मोजणं, सराईतपणे प्रश्न टोलवणं, हे सगळं जिन्यावरून पडण्याच्या कितीतरी आधीचं होतं. सगळे ‘आधी’ म्हणजे दिवाळीआधी असं धरून चालले होते, आणि तिथेच सगळ्यांची चूक झाली होती.

मग माठ आठवला. रियाज फुलं आणतो, हे ठीक. पण गुरुवारीच कशी? सुटीच कशी? आणि झाकणावरच का?

५

गुरुवारी चार वाजता दीपमाला शुभांगीकडे जाऊन बसल्या. साडेचारला रियाज आला. त्याने दारात चपला काढल्या, “सलाम, भाभी,” म्हणाला, सरळ माठापाशी गेला आणि पळसाचं पान झाकणावर ठेवून मागे वळला. खाटेवरच्या रंगनाथच्या खांद्यावर हात ठेवला. रंगनाथ त्याच्याकडे पाहून हसला, ओळखीचं हसला की नुसतंच, ते कळायला मार्ग नव्हता.

“रियाजभाऊ, बसा,” दीपमाला म्हणाल्या. “एक विचारते. फुलं माठावर ठेवायची, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

रियाज म्हणाला, भाभींनीच कधीतरी सांगितलं असेल. शुभांगीने मान हलवली. तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

“मग रंगनाथने,” तो म्हणाला.

“ज्या माणसाने फुलं स्वतःच्या बायकोच्या हातात कधी दिली नाहीत, तो हौदावर उभा राहून ते तुम्हाला सांगेल?” दीपमालांचा आवाज मऊ होता. “चिंध्या पहिल्यापासून होत्या असं तुम्ही मला सांगितलंत. त्या चैत्रातल्या आहेत, ही साडी साक्षीला आहे. त्या कधी बांधल्या आणि का बांधल्या, हे माझ्यापासून लपवायचं होतं, म्हणजे कारण तुम्हाला माहीत होतं. गुरुवार, सुटा निशिगंध, माठाचं झाकण. या तीन गोष्टी शुभांगींखेरीज जगात एकाच माणसाला माहीत होत्या, आणि तो आपलं सगळं डोकं एका वहीत ठेवत होता. तुम्ही ती वही वाचली आहे. इतकंच नाही, तीत लिहिल्याप्रमाणे तुम्ही वागताय.”

बाहेर गिरणीचा भोंगा झाला. रियाजने शर्टाची दोन बटणं सोडली. त्याच्याही शर्टाला आतून खिसा होता, पुरुषी हाताने ओबडधोबड शिवलेला. त्यातून निळी वही निघाली.

शुभांगी उठून उभी राहिली. “तुम्ही?” एवढंच ती म्हणाली. त्या एका शब्दात बारा वर्षांच्या ईद आणि दिवाळ्या होत्या.

“भाभी, आधी पहिलं पान वाचा,” रियाज म्हणाला. “मग मला जे म्हणायचं ते म्हणा.”

६

पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘ही वही कोणाला सापडली तर शुभांगीला दाखवू नये. तिला कळू नये एवढ्यासाठीच ही आहे.’

आणि खाली, जानेवारी २००१ ची तारीख घालून: ‘परवा बिटको चौकात उतरलो आणि घर कोणत्या बाजूला ते आठवेना. पाव तास उभा होतो. माझ्या डोक्यात काहीतरी गळतंय. किती गळतंय ते मोजलं पाहिजे.’

पुढे दर सोमवारची नोंद होती. सकाळी वर्तमानपत्रातले दहा शब्द पानाच्या मागच्या बाजूला उतरवायचे, संध्याकाळी पान न उलटता पुढच्या बाजूला आठवून लिहायचे. पहिल्या सोमवारी दहापैकी दहा, आणि शेजारी शेरा: ‘सोपं गेलं. म्हणून तेच उलट्या क्रमानेही लिहिले, आणि पेपरात कोणता कुठे होता तेही.’ मागच्या बाजूशी ताडून पाहिलं तर उलटा क्रमही बरोबर होता. चैत्रात आठ. आषाढात सहा. दसऱ्याला तीन.

दीपमाला त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. आधीचा माणूस कसा मोजायचा, यावर त्यांनी कॉलेजात दोन वर्षं घालवली होती. या मॅट्रिक नापास माणसाने कोणाच्याही शिकवण्याशिवाय स्वतःला वेळेवर मोजून ठेवलं होतं. त्या एवढ्या दिवसांत जो रंगनाथ शोधत होत्या, तो पहिल्या सोमवारच्या पानावर पूर्णच्या पूर्ण बसलेला होता.

पुढच्या पानांवर युक्त्या होत्या. लाल चिंधी म्हणजे आधी विचारायचं, पिवळी म्हणजे हात लावायचा नाही. जिन्याला एकवीस पायऱ्या, मोजायच्या. वाल्व्ह उघडण्याआधी रियाजला मस्करीत विचारायचं, म्हणजे चूक होऊन कोणाच्या जिवावर बेतणार नाही.

“रोज विचारायचा,” रियाज म्हणाला. “‘काय उस्ताद, लाल की पिवळा?’ मी हसायचो, मॅडम. मला वाटायचं, मजा करतोय. बारा वर्षं बाजूला उभा होतो आणि मला समजलं नाही. पडला तेव्हा वही बाहेर आली होती. तशीच उचलली, भाभींना द्यायची म्हणून. घरी जाऊन पहिलं पान बघितलं. आता देऊ कशी? ज्याने लिहिलं त्याला विचारायला गेलो, तर तो मला विचारतो, तुम्ही कोण?”

बायको कळवळून वही मागत होती, मित्राने ती देऊ नको म्हणून लिहून ठेवलं होतं, आणि मधल्या मध्ये रियाज तीन महिने ती छातीशी घेऊन फिरत होता. जे पाळता येण्यासारखं होतं ते तेवढं तो पाळत होता, दर गुरुवारी, झाकणावर.

शुभांगी वाचत होती. घराची पानं वेगळी होती. ‘शुभांगीने काही विचारलं तर उलट तिलाच सांगायला लावायचं. तिला सांगायला आवडतं. आपल्यालाही पुन्हा मिळतं.’ मग लग्नाची पंगत होती, तिच्या आईचं बोलणं होतं, पहिला प्रवास होता. तिने संध्याकाळी सांगितलेलं सगळं त्याने रात्रीत उतरवून ठेवलं होतं.

आता खरा घाव तिच्या लक्षात आला. जे वर्ष तिने आयुष्यातलं सर्वांत गोड म्हणून जपलं होतं, ते आजार सुरू झाल्यानंतरचं वर्ष होतं. तिला परत मिळाला असं वाटलेला नवरा तेव्हा तिच्यापासून दूर चालला होता, आणि जाताना एकेक गोष्ट तिच्याकडूनच मागून घेत होता.

“म्हणजे ते प्रेम नव्हतं? आजार होता?” तिने दीपमालांना विचारलं.

दीपमालांनी तिच्या हातातल्या वहीची पानं मोजत उलटली. या प्रश्नाची चाचणी त्यांच्याकडे नव्हती. मग म्हणाल्या, “आजाराने त्याला विसरायला लावलं. काय राखायचं ते त्याने ठरवलं. वहीत गिरणीची पानं बारा आहेत आणि तुमची एकोणचाळीस.”

७

मेंदूच्या डॉक्टरांनी जुनी फिल्म पुन्हा काढून पाहिली. पडल्यावर झालेला रक्तस्राव दिसला तिथेच सगळ्यांची नजर थांबली होती, आता त्यामागचं मेंदूचं जुनं झिजणंही दिसलं. बरं होण्यातलं नाही, असं त्यांनी सांगितलं. शुभांगीने ते उभ्यानेच ऐकून घेतलं.

दीपमालांनी अहवाल लिहिला. आजारापूर्वी या माणसाची बुद्धी सर्वसाधारणापेक्षा बरीच वरची होती, आणि पुरावा म्हणून पहिल्या सोमवारचं पान, फक्त तेवढंच, शुभांगीला विचारून जोडलं. आहेरांनी ते पान दोनदा वाचलं.

“मी खोटं लिहिलं नव्हतं,” ते म्हणाले.

“नाही. तुम्ही उशिरा आलात, एवढंच,” दीपमाला म्हणाल्या.

आहेरांनी पेन उघडून ते वाक्य स्वतःच्या हाताने खोडलं आणि बाजूला सही केली. मग चिंध्या काढू नका, असं त्यांनी हौदावर सांगून ठेवलं. ते कोणी मागितलं नव्हतं.

त्यानंतरच्या गुरुवारी दीपमाला खोडलेला कागद घेऊन चाळीत गेल्या. शुभांगीने तो वाचला, घडी घातली आणि डब्याखाली सरकवला. ज्यासाठी ती दीपमालांचा जिना चढली होती, त्याकडे तिने दुसऱ्यांदा पाहिलं नाही. तिच्या मांडीवर वही होती आणि शेवटचं लिहिलेलं पान उघडं होतं. अक्षर आता ओळी सोडून धावत होतं.

‘गुरुवार. निशिगंध, सुटा. माठावर. का ते आठवत नाही. तरी आणायचा.’

“तुम्हाला माहीत आहे का?” दीपमालांनी विचारलं.

शुभांगीला माहीत होतं. तिने सांगितलं, पण दीपमालांना नाही. ती खाटेवर रंगनाथच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याला सांगू लागली, त्याच्या गेल्या वर्षीच्या आवडत्या पद्धतीने, सावकाश.

“ब्याऐंशी साल. मी नवी नवरी. या लगद्याच्या वासाने मला जेवण जाईना. मी रडायची, माहेरी सोडा म्हणायची. तेव्हा तुम्हाला गुरुवारची सुट्टी असायची. तुम्ही नाशिकरोडच्या बाजारातून निशिगंध आणलात. म्हणालात, वास काही मी बंद करू शकत नाही, दुसरा आणू शकतो. वर्षभर आणलात. मग मला सवय झाली आणि तुम्ही थांबलात.”

रंगनाथ लक्ष देऊन ऐकत होता. त्याला त्यातलं किती पोचलं, ते दीपमालांनाही सांगता आलं नसतं. शुभांगीने पेन्सिल घेतली. ‘का ते आठवत नाही’ या शब्दांखाली थोडी जागा होती. तिथे तिने बारीक अक्षरात सगळं लिहिलं, ब्याऐंशी साल, वास, सुट्टी. जागा पुरली नाही म्हणून समासातही लिहिलं. मग वही मिटून त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात सरकवली.

थोड्या वेळाने रंगनाथचा उजवा हात नेहमीसारखा शर्टाच्या आत गेला. या वेळी तो बाहेर आला नाही.